कोरी सीडी, रियाजासाठी

कोरी सीडी (सीडी-आर) : एकदाच लिहिता येणारी प्रकाशीय तबकडी. व्यास 12 सेंमी., जाडी 1.2 मिमी. ध्वनीची छापील सीडी 1982 मध्ये बाजारात आली. घरी भरता येणाऱ्या तबकडीचे रंगद्रव्य जपानच्या तायो युडेन कंपनीने 1988 मध्ये सिद्ध केले आणि फिलिप्स व सोनी यांच्या ‘ऑरेंज बुक’ मानकाने 1990 मध्ये तिला रूप दिले. गाणे शिकणाऱ्यांनी ती तालीम आणि रियाज टिपून ठेवण्यासाठी वापरली. ही नोंद त्या वापरापुरती, जालना जिल्ह्यातील परिस्थिती डोळ्यांपुढे ठेवून केली आहे.

जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी वेगळा झाला, तेव्हा कॅसेटचा काळ भरात होता. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. भजन-कीर्तनाचे वळण या मुलखात जुने. पुढे गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते विशारद अशा परीक्षांसाठी बसणारे विद्यार्थीही आले. गुरुजींचा एक तास टिपायचा आणि आठवडाभर घोटायचा, ही गरज भजन गाणारे आणि विद्यार्थी या दोघांचीही. कॅसेटमध्ये मोठी अडचण पट्टीची होती. यंत्राची गती किंचित मंद झाली की काळी एकमध्ये गायलेले खाली उतरे, आणि शिष्य त्याच उतरलेल्या सुरावर गळा बसवी. सीडीचा वेग स्फटिक-घड्याळाने बांधलेला असल्यामुळे सूर जागच्या जागी राहतो. शिवाय बंदिश, आलाप, ताना वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवून हव्या त्या जागी झटकन जाता येते. एका तबकडीत 99 ट्रॅक मावतात. रियाजासाठी सीडीचे खरे मोल या दोन गोष्टींत आहे.

महाग तबकडीने आवाज गोड होतो, हा समज चुकीचा आहे. सेकंदाला 44,100 नमुने, 16 बिटांचे, हे आकडे स्वस्त-महाग दोन्हींत तेच उतरतात. फरक पडतो तो वाचताना होणाऱ्या चुकांत आणि टिकण्यात. लेखनाचा लेझर रंगद्रव्याच्या थरावर खुणा उमटवतो, म्हणून खालच्या बाजूचा रंग पाहून रंगद्रव्य कोणते याचा थोडा अंदाज येतो : हिरवट-निळसर छटा बहुधा सायनिनची, गर्द निळी अॅझोची, फिकट सोनेरी किंवा जवळपास पारदर्शक असेल तर थॅलोसायनिनची. शेवटचे अधिक टिकाऊ मानले जाते. परावर्तक थर बहुधा चांदीचा असतो, सोन्याचा असेल तर तो गंजत नाही. केरी (गोवा) येथे जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांचा भैरवीतील स्वर 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेला, तो सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. यमनाच्या रोजच्या घोटाईला इतके सोने लागत नाही. सोन्याच्या थराची तबकडी फक्त गुरूच्या तालमीसाठी राखावी.

बाजारात 74 आणि 80 मिनिटांच्या तबकड्या मिळत. 80 मिनिटांच्या तबकडीत खुणांचे सर्पिल अधिक दाटीचे असते, त्यामुळे जुना प्लेअर कधी अडखळतो. विलंबित ख्याल आणि त्याला जोडून द्रुत यांना 74 मिनिटे पुरतात. 90 वा 99 मिनिटांच्या तबकड्या मानकाबाहेरच्या, त्या घेऊ नयेत. पुन्हा पुसता येणारी सीडी-आरडब्ल्यू रियाजाला सोयीची वाटते, पण तिचा परावर्तित प्रकाश इतका मंद की जुने प्लेअर ती वाचतच नाहीत. ‘म्युझिक’ असा शिक्का असलेली तबकडी केवळ टेबलावरच्या सीडी-रेकॉर्डरसाठी लागते. संगणकाला तो भेद कळत नाही, म्हणून तिच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. एमपी-थ्रीच्या रूपात (128 किलोबिट दराने) एका 700 एमबी तबकडीत सुमारे 12 तास मावतात, मात्र दाबलेल्या ध्वनीत तंबोऱ्याचे सूक्ष्म झंकार बारीक होतात. भजनी मंडळाच्या चालींना ते चालते, सूरसाधनेला नाही.

भरताना मध्यम वेग (8 ते 16 पट) ठेवावा. भरून झाल्यावर तबकडी ‘बंद’ म्हणजे फायनलाइज केली नाही, तर घरच्या प्लेअरवर ती वाजत नाही. सीडी बिघडली म्हणून दुकानदाराशी घातलेले बरेच वाद इथेच सुरू होतात. दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांचा मोकळा खंड नको असेल, तर संपूर्ण तबकडी एका दमात भरावी, नाहीतर चालत्या आवर्तनात समेआधीच शांतता पसरते. भारनियमनाच्या काळात मध्येच लाइट गेली की तबकडी वाया जाई. अशा तबकड्या शेतात पाखरे हुसकावायला दोरीला टांगलेल्या दिसत.

जपणुकीत एक गोष्ट हमखास उलटी समजली जाते. चमकदार खालची बाजू लोक जिवापाड सांभाळतात, पण माहितीचा थर वरच्या, नाव लिहायच्या बाजूला लागून असतो आणि त्यावर लाखेसारखा पातळ लेप तेवढा असतो. तिथे बॉलपेन दाबू नये. पाण्याच्या शाईचे मार्कर वापरावे, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. चिकटपट्टीचे लेबल लावू नये. मे महिन्यात जालन्याचा पारा 40 अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याखालच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीत ठेवलेली तबकडी वाकते आणि तिचे रंगद्रव्यही फिके पडते. लाकडी कपाटात, डबीत उभी ठेवणे उत्तम.

भारतात कोऱ्या सीडींचा मोठा कारखानदार असलेली मोजर बेअर (स्थापना 1983) 2018 मध्ये अवसायनात निघाली. तायो युडेनने त्याआधीच, 2015 मध्ये, हा धंदा सोडला होता. आता बहुतेक लॅपटॉपना सीडीचे यंत्रच नसते आणि तालीम मोबाइलवर टिपली जाते. ज्यांच्याकडे गुरूच्या आवाजाच्या जुन्या सीडी आहेत, त्यांनी यूएसबीवर चालणारे बाह्य यंत्र आणून त्या उतरवून घ्याव्यात, आणि हे काम यंदाच्या उन्हाळ्याआधी करावे.