मनगटावरच्या आकड्यांचा इतिहास

पावले, नाडीचे ठोके आणि झोपेचे तास मोजणारा मनगटी पट्टा घराघरांत पोचून जेमतेम दहा-पंधरा वर्षे झाली. त्यात एकत्र आलेल्या मोजण्या मात्र फार जुन्या आहेत. पावले मोजण्याची गरज भूमापनातून आली, ठोके मोजण्याची वैद्यकातून, तर झोपेचे टप्पे मेंदूचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत ठरले. पट्ट्याचा उपयोग कुठे होतो आणि तो कुठे फसवतो, हे या तीन वाटा पाहिल्यावर नीट कळते.

शरीराचा रोजचा हिशेब ठेवणारा पहिला मोठा वैद्य म्हणजे इटलीतील पादुआचा सांतोरिओ सांतोरिओ (१५६१–१६३६). मोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून तो जेवत असे. जेवणाआधी आणि जेवणानंतर स्वतःचे वजन, खाल्लेल्या अन्नाचे वजन आणि शरीराबाहेर पडणाऱ्या मलमूत्राचे वजन, अशी नोंद त्याने सुमारे तीस वर्षे ठेवली. पोटात गेलेल्या आठ पौंड अन्नपाण्यापैकी पाच पौंड त्वचेतून आणि श्वासातून नकळत निघून जाऊ शकतात, हा त्याचा निष्कर्ष १६१४ साली ग्रंथरूपाने आला. नाडीसाठी त्याने वापरलेले साधन याहून साधे होते. दोरीला बांधलेला लंबक हलवायचा, त्याचा झोका नाडीशी जुळेपर्यंत दोरी आखूड किंवा लांब करायची आणि दोरीची लांबी टिपून ठेवायची. मिनिटाला किती ठोके, हे त्यातून थेट कळत नसे. रोग्याची नाडी कालच्यापेक्षा आज जलद आहे की मंद, एवढे मात्र पक्के कळे. एका माणसाची त्याच्याच कालच्या नोंदीशी तुलना करणे, हा या साधनाचा खरा गुण होता. पुढच्या चारशे वर्षांत शरीर मोजणारी उपकरणे सर्वांत भरवशाची ठरली ती याच कामात.

मिनिटाचे माप नाडीला जोडले ते इंग्लंडच्या जॉन फ्लॉयर या वैद्याने. बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ त्याने खास नाडीपरीक्षेसाठी बनवून घेतले आणि १७०७ साली त्यावर पुस्तक लिहिले. भारतीय वैद्यकाची रीत निराळी होती. शार्ङ्गधरसंहितेत नाडीचे वर्णन सापाच्या, बेडकाच्या आणि हंसाच्या गतीवरून केलेले आहे. ठोके किती यापेक्षा चाल कशी, याकडे वैद्याचे लक्ष असे. आजचा पट्टा फ्लॉयरच्या घराण्यातला आहे. त्याला संख्या कळते. बोटांना जाणवणारी चाल तो पाहत नाही.

पावले मोजण्याचा आरोग्याशी संबंध खूप उशिरा जुळला. पूर्वी त्यांचा उपयोग अंतर काढण्यासाठी होई. याचे अचंबित करणारे उदाहरण हिंदुस्थानातलेच आहे. तिबेटमध्ये परकीयांना बंदी असताना ब्रिटिश सर्वेक्षण खात्याने कुमाऊँच्या नैन सिंह रावत यांना एकसारखी पावले टाकण्याचे शिक्षण देऊन १८६५ साली ल्हासाकडे पाठवले. चढ असो की उतार, पाऊल तेवढेच पडले पाहिजे. साधारण २,००० पावलांचा एक मैल. त्यांच्या हातात १०८ ऐवजी १०० मण्यांची माळ होती आणि दर शंभर पावलांना एक मणी पुढे सरके. मोजणीच्या नोंदी प्रार्थनाचक्रात लपवलेल्या असत. डोंगराळ वाटेवर शेकडो मैल चालून एका माणसाने पायांनी आखलेल्या या मार्गावर पुढचे नकाशे उभे राहिले. पाऊल हे माप म्हणून किती काटेकोर असू शकते, याचा याहून मोठा पुरावा सापडणे कठीण.

पाऊल आरोग्याचे माप झाले ते जपानमध्ये. १९६४ च्या टोकिओ ऑलिंपिकने देशात व्यायामाची हवा तयार केली होती. पुढच्याच वर्षी यामासा या कंपनीने कमरेला लावायचे पाऊलमापक विकायला काढले. ‘मानपो-केई’ या त्याच्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक असा होता. संख्या गोल होती, लक्षात राहणारी होती. जपानी संशोधक योशिरो हातानो यांच्या अभ्यासाने तिला आधार दिला, पण दहा हजारावरच आरोग्याची रेषा आहे असे कोणत्याही मोठ्या चाचणीने तेव्हा दाखवलेले नव्हते. तरीही तो आकडा जगभर पसरला आणि पुढे जवळपास प्रत्येक पट्ट्यात आधीच भरून येऊ लागला. २०१९ साली अमेरिकेतील १६,७४१ वयस्कर स्त्रियांच्या पाहणीत दिसले, की दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण बरेच कमी होते, आणि ७,५०० च्या आसपास हा लाभ वाढायचा थांबत होता. या स्त्रियांचे सरासरी वय ७२ होते, म्हणून हा आकडा पंचविशीतल्या माणसाला तसाच लावता येत नाही. पण साडेसहा हजारांवर थांबलेल्या सत्तरीतल्या बाईंनी आज लक्ष्य हुकले म्हणून खंतावू नये, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

हृदयाच्या ठोक्यांची वाट फिनलंडच्या बर्फातून गेली. तिथल्या स्की धावपटूंना धावता-धावता ठोके कळावेत यासाठी सेप्पो सायनायाकंगास यांनी १९७७ साली पोलार ही कंपनी काढली. १९८२ मध्ये छातीवरच्या पट्ट्यातून मनगटावरच्या घड्याळाकडे बिनतारी संदेश पाठवणारे तिचे यंत्र आले. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत्स्पंदन टिपतो. मनगटी पट्ट्याची रीत वेगळी असते, आणि ती अमेरिकेतील आल्रिक हर्ट्झमन यांच्या १९३० च्या दशकातील प्रयोगांवर उभी आहे. त्वचेत प्रकाश सोडायचा आणि परत येणारा प्रकाश मोजायचा. प्रत्येक ठोक्याबरोबर रक्त वाढले की प्रकाश जास्त शोषला जातो. अंधारात पट्टा किंचित उचलला की खाली लुकलुकणारा हिरवा दिवा दिसतो, तो हेच काम करत असतो. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ साली प्रकाशावरून रक्तातला प्राणवायू काढण्याची पद्धत शोधली. करोनाच्या साथीत घरोघरी बोटाला लावलेला ऑक्सिमीटर तिचाच वारस. २०२० साली अमेरिकेतील रुग्णालयांच्या नोंदींवरून असे दिसले, की ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटलेली प्राणवायूची कमतरता गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत जवळजवळ तिप्पट होती. त्वचेतील रंगद्रव्यही प्रकाश शोषते. सावळ्या-काळ्या त्वचेच्या देशात ही मर्यादा खोक्यावर ठळक छापली जायला हवी.

झोपेची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची आहे. जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्लहरी प्रथम टिपल्या. १९३७ मध्ये अमेरिकेत आल्फ्रेड लूमिस यांनी या लहरींवरून झोपेचे टप्पे पाडले. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नॅथानिएल क्लाइटमन यांनी दाखवले, की झोपेत ठरावीक वेळाने मिटलेल्या पापण्यांखाली डोळे वेगाने हलतात आणि त्या काळात जागे केल्यास माणूस बहुधा स्वप्न सांगतो. म्हणजे झोपेचा टप्पा ठरतो तो मेंदूच्या लहरी, डोळ्यांची हालचाल आणि हनुवटीच्या स्नायूंचा ताण या तिन्हींवरून. त्यासाठी झोपणाऱ्याच्या डोक्याला, डोळ्यांजवळ आणि हनुवटीला तारा चिकटवाव्या लागतात.

मनगटाला यातले काहीच दिसत नाही. १९७० च्या दशकात संशोधकांनी मनगटाच्या हालचालीवरून झोप ओळखण्याची पद्धत काढली, ती सोयीसाठी. रुग्णाला घरीच, त्याच्या नेहमीच्या गादीवर, आठवडा-दोन आठवडे पाहता यावे हा तिचा हेतू होता, आणि त्या कामात ती आजही उपयोगी पडते. तिचा दोष आरंभापासून माहीत आहे: न हलता पडून राहिलेला जागा माणूस तिला झोपलेला वाटतो. निद्रानाशाच्या रुग्णाची हीच तर अवस्था असते. आजचे पट्टे हालचालीला ठोक्यांची जोड देऊन ‘गाढ झोप’, ‘स्वप्नांची झोप’ असे मिनिटांचे हिशेब मांडतात. झोपायची आणि उठायची वेळ ते बऱ्यापैकी धरतात; टप्प्यांची मिनिटे हा अंदाजच असतो. २०१७ साली शिकागोतल्याच संशोधकांनी अशा रुग्णांची नोंद केली, जे पट्ट्यावर झोपेचा आकडा कमी दिसतो म्हणून चिंतेत होते आणि प्रयोगशाळेने झोप ठीक असल्याचे सांगितल्यावरही पट्ट्यावरच विश्वास ठेवत होते. आकडा वाढावा म्हणून जास्त वेळ अंथरुणात पडून राहिल्याने त्यांची झोप आणखीच विस्कटत होती.

या साऱ्या वाटा एकत्र आणल्या त्या मोटारीतल्या एका सुट्या भागाने. अपघात होताच हवेची पिशवी फुगावी यासाठी १९९० च्या दशकात हालचाल ओळखणारी चिमुकली चिप स्वस्तात बनू लागली. तीच पुढे खेळयंत्रांत आणि फोनमध्ये आली. जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांनी २००७ साली फिटबिट ही कंपनी काढली. २००९ च्या अखेरीस विकायला आलेले त्यांचे पहिले साधन कपड्यांना अडकवायची चिमटी होती. मुंबईच्या विशाल गोंडल यांनी २०१४ साली गोकी हा पट्टा आणला आणि त्याच्या जोडीला फोनवरून बोलणारा प्रशिक्षक दिला. २०१५ मध्ये शाओमीचा पट्टा भारतात ९९९ रुपयांना मिळू लागला आणि ही वस्तू श्रीमंतांची उरली नाही.

मनगटावर आल्याने मोजणी सोपी झाली आणि थोडी बिघडलीही. भाकरी थापणारा हात पट्ट्याला चालल्यासारखा वाटू शकतो. दोन्ही हातांत पिशव्या धरून मंडईतून आलेल्याची पावले कमी भरतात. खर्च झालेल्या कॅलरींचा आकडा सर्वांत कच्चा. २०१७ साली स्टॅनफर्डमध्ये सात उपकरणे तपासली, तेव्हा सहांचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर निघाले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणही २७ टक्क्यांनी चुकले. त्या आकड्यावर विसंबून जेवणात सूट घेणे महागात पडते.

मग पट्टा बांधून माणूस जास्त चालतो का? चालतो. २००७ साली २६ अभ्यास एकत्र तपासल्यावर दिसले, की पाऊलमापक लावणाऱ्यांची चाल दिवसाला दोन हजारांहून अधिक पावलांनी वाढते, आणि समोर लक्ष्य असेल तर हा परिणाम जास्त दिसतो. वजनाचे मात्र तसे नाही. पिट्सबर्ग विद्यापीठाच्या चाचणीत वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांना दोन वर्षे पाहिले. पट्टा वापरणाऱ्यांचे वजन सरासरी ३.५ किलो घटले, न वापरणाऱ्यांचे ५.९ किलो. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना मिळत होता.

पट्ट्याने सर्वांत अनपेक्षित कामगिरी केली ती हृदयाच्या अनियमित लयीबाबत. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांच्या मनगटावरील घड्याळांच्या पाहणीत सुमारे अर्धा टक्का लोकांना अनियमित नाडीचा इशारा मिळाला. त्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर नोंदणीयंत्र लावले, त्यांतल्या ३४ टक्के लोकांत पक्षाघाताचा धोका वाढवणारी अलिंदाची विस्कळित लय सापडली. हा अहवाल २०१९ चा. हृदयविकाराचा झटका मात्र असे घड्याळ ओळखत नाही, आणि छातीत दुखत असताना त्यातला चांगला आकडा पाहून घरी थांबणे जिवावर बेतू शकते.

एक तोटा आरोग्याबाहेरचा आहे. सांतोरिओच्या नोंदी त्याच्याच घरात राहिल्या. पट्ट्याच्या नोंदी कंपनीकडे जातात. स्त्रावा या ॲपने २०१७ च्या अखेरीस वापरणाऱ्यांच्या धावण्याच्या वाटांचा जागतिक नकाशा प्रसिद्ध केला, आणि दोन-तीन महिन्यांत लक्षात आले, की ओसाड प्रदेशातले लष्करी तळ त्यावर उजळून निघाले आहेत. २०२१ साली गूगलने फिटबिट विकत घेतली, तेव्हा युरोपीय संघाने या नोंदी दहा वर्षे जाहिरातींसाठी वापरायच्या नाहीत अशी अट घातली. भारतात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली मंजूर झाला.

२०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची शंका वर्तवणाऱ्या घड्याळांना परवानगी दिली. ही घड्याळे त्या विकाराचे निदान करत नाहीत. इशारा मिळाल्यावर डॉक्टरांकडे जाऊन रीतसर झोपेची तपासणी करून घ्यावी लागते.