तोफ विमानाच्या नाकात असली, तरी नेम का जुळवावा लागतो?

इंजिनिअरिंगला असताना आम्ही हॉस्टेलवर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा एक गेम खेळायचो. मी कायम पी-३८ लाइटनिंग घ्यायचो. माझा हिशोब सोपा होता: तोफ नाकातच आहे, म्हणजे विमानाचं तोंड जिकडे, गोळा तिकडे. तरी लांबून मारलेले गोळे शत्रूच्या खालून निघून जायचे. मी आधी नेटला शिव्या घातल्या. चूक मात्र माझ्या हिशोबात होती.

पंखातल्या बंदुकांची अडचण

१९४० मध्ये ब्रिटनच्या स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या पंखांत ०.३०३ इंची आठ मशिनगन होत्या. त्या डावीकडे-उजवीकडे असल्यामुळे किंचित आत वळवाव्या लागत, म्हणजे ठरावीक अंतरावर सगळ्या गोळ्या एकत्र येत. याला कन्व्हर्जन्स म्हणतात. आधी हे अंतर ४०० यार्ड होतं. प्रत्यक्ष लढाईत वैमानिकांना ते फार लांब वाटलं आणि ते २५० यार्डांवर आणलं गेलं. त्या अंतराच्या आधी गोळ्या पसरलेल्या असतात आणि पुढे गेल्या की एकमेकींना ओलांडून पुन्हा पसरतात.

नाकातल्या तोफेचा फायदा

पी-३८ ची दोन इंजिनं बाजूला होती, त्यामुळे नाक मोकळं होतं. तिथे २० मिमीची एक तोफ आणि १२.७ मिमीच्या चार मशिनगन बसवल्या. जर्मनीच्या मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या नाकात ३० मिमीच्या चार तोफा होत्या. मेसरश्मिट १०९ चं एकच इंजिन नाकात होतं. तिथे 'एफ' मॉडेलपासून तोफेची नळी इंजिनमधून काढून पंख्याच्या मधोमध बाहेर आणली.

डाव्या-उजव्या बाजूचा प्रश्न इथे जवळपास मिटला. वर-खालीचा मात्र तसाच राहिला.

गोळा सरळ जात नाही

नळीतून बाहेर पडल्या क्षणापासून गोळा खाली पडायला लागतो. मेसरश्मिट १०९ च्या 'के-४' मॉडेलचं उदाहरण घेऊ. त्यात मधोमध ३० मिमीची तोफ होती, तिच्या गोळ्याचा वेग सेकंदाला सुमारे ५४० मीटर. इंजिनच्या वर १३ मिमीच्या दोन मशिनगन, त्यांच्या गोळीचा वेग सुमारे ७५० मीटर. हवेचा अडथळा सोडून हिशोब केला तर:

- ३०० मीटरवर: मशिनगनची गोळी सुमारे ०.८ मीटर खाली, तोफेचा गोळा १.५ मीटर खाली.
- ६०० मीटरवर: गोळी सुमारे ३ मीटर खाली, गोळा ६ मीटर खाली.

६ मीटर म्हणजे जवळपास दोन मजले! अंतर दुप्पट झालं की घसरण चौपट होते. हवेचा अडथळा धरला तर ती आणखी वाढते.

मग नेम जुळवायचा कसा?

वैमानिक डोळ्यांसमोरच्या काचेवर उमटलेल्या प्रकाशाच्या वर्तुळातून बघायचा. ही काच तोफेच्या वर असते. फोनचा कॅमेरा एखाद्या जवळच्या वस्तूवर धरा आणि वाइड लेन्सवर जा. चित्र थोडं सरकतं, कारण दोन्ही लेन्स वेगळ्या जागी आहेत. काच आणि तोफ यांचंही तसंच.

म्हणून तोफ नजरेच्या रेषेच्या तुलनेत किंचित वर उचलून बसवतात. गोळा खालून निघतो, रेषा ओलांडून वर जातो आणि ठरवलेल्या अंतरावर पुन्हा रेषेवर येतो.

हे काम जमिनीवर होतं. विमानाची शेपटी उचलून ते उडताना असतं तसं समपातळीत ठेवायचं. समोर खुणा केलेला बोर्ड उभा करायचा. नळीत आरशाचं छोटं उपकरण घालून ती बोर्डवर कुठे बघते ते तपासायचं आणि बैठकीचे स्क्रू फिरवून नळी खुणेवर आणायची. काचेचं वर्तुळही त्याच बोर्डवरच्या आपल्या खुणेवर आणायचं. शेवटी खरे गोळे झाडून खात्री करायची.

इतका आटापिटा कशासाठी?

मेसरश्मिट २६२ च्या वरच्या दोन तोफांना प्रत्येकी १०० गोळे मिळायचे आणि तोफ मिनिटाला सुमारे ६०० झाडायची. म्हणजे सगळा मारा १० सेकंदांत खलास! त्यात नेम चुकीचा जुळवला असेल, तर वैमानिक कितीही तरबेज असला तरी गोळे वाया आणि जीव धोक्यात.

आणि हे सगळं जुळवूनही समोरचं विमान थांबत नाही. आडवं, सेकंदाला १५० मीटर वेगाने जाणारं विमान अर्ध्या सेकंदात ७५ मीटर पुढे गेलेलं असतं. किती पुढे मारायचं हा अंदाज वैमानिकाचाच. युद्धाच्या शेवटी शेवटी जायरो असलेल्या साइट आल्या आणि त्या हा हिशोब करून द्यायला लागल्या.

थोडक्यात, नेम जुळवणं म्हणजे एक अंतर निवडणं. ते लक्षात आल्यावर मी गेममध्ये जवळ जाऊन मारायला लागलो. नेट तेच होतं, गोळे मात्र लागायला लागले.