बाली : जपलेलं नव्हे, झगडून मिळवलेलं

बालीला जाऊन आलेला मराठी माणूस परत आल्यावर हमखास दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे गोव्याच्या मानाने किती स्वस्तात झालं. आणि दुसरी, ‘अरे, आपली संस्कृती त्यांनी आपल्यापेक्षा चांगली जपलीये!’ पहिल्या मुद्द्यावर माझं काही म्हणणं नाही, ते ज्याच्या त्याच्या हॉटेलवर अवलंबून आहे. दुसऱ्या मुद्द्यावर मात्र बरंच म्हणणं आहे, म्हणून या वीकएंडचा हा लेख.

‘जपलीये’ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? आजीच्या ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली पैठणी. कुणी हात लावला नाही म्हणून टिकलेली. बालीचं तसं नाही हो. पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान असलेल्या या बेटाला गेल्या सव्वाशे वर्षांत इतक्या जणांनी हात लावला आहे की आज जे दिसतं ते जसंच्या तसं राहिलेलं असणं शक्यच नाही. ते उद्ध्वस्त झालं, कुणीतरी मांडलं, कुणीतरी विकलं, आणि शेवटी तिथल्या लोकांनी भांडून आपल्या नावावर करून घेतलं.

सुरुवात मात्र खरोखरच जुनी आहे. दक्षिणेकडच्या सानूरच्या किनाऱ्यापासून जवळच ब्लानजोंग नावाचं एक छोटं देऊळ आहे. तिथे कापड गुंडाळलेला एक दगडी खांब आहे. राजा श्री केसरी वर्मदेवाच्या विजयाचा हा लेख संस्कृत आणि जुन्या बाली अशा दोन भाषांत, नागरी आणि कावी अशा दोन लिप्यांत कोरलेला आहे. साल आहे शके ८३५, म्हणजे इसवी सन ९१४. हो, आपलंच शक! बालीत ते अजून चालू आहे. त्यांचा ‘न्येपी’ हा शकाचा नववर्षदिन. २०२३ साली न्येपी आणि आपला गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चलाच आले होते. आपण त्या दिवशी शोभायात्रा काढतो, तर ते अख्खं बेट बंद ठेवतात. दिवे नाहीत, वाहनं नाहीत, विमानतळसुद्धा बंद!

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. १३४३ मध्ये जावा बेटावरच्या मजपहित साम्राज्याच्या सैन्याने बाली जिंकलं. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मजपहित खिळखिळं झालं, जावा हळूहळू मुस्लिम झालं आणि तिथले काही सरदार, पुरोहित, कलावंत बालीत आले. सोळाव्या शतकात आलेला निरर्थ हा पुरोहित त्यांच्यातला सगळ्यात मोठा मानला जातो. फोटोत दिसतं ते तानाह लोतचं समुद्रातलं देऊळ त्याच्याच नावाशी जोडलेलं आहे. म्हणजे बालीचा धर्म भारतातून थेट बोटीने आला असं नाही. तो जावामार्गे, तिथली भर घेत आणि बालीच्या मूळच्या पूर्वजपूजेत मिसळत आला. त्यांच्या मंदिरात उंच दगडी ‘पद्मासन’ असतं आणि त्यावरची बैठक रिकामी असते. मूर्ती शोधणारा आपला माणूस तिथे जरा गोंधळतो.

इथवरची गोष्ट टूर गाइडही सांगतो. पुढची फार कमी लोक सांगतात.

त्याच सानूरच्या किनाऱ्यावर मे १९०४ मध्ये ‘श्री कुमला’ नावाचं एका चिनी व्यापाऱ्याचं गलबत रुतलं आणि लुटलं गेलं. बालीत जुना रिवाज होता की खडकावर आपटलेल्या जहाजाचा माल किनाऱ्याच्या राजाचा. मालकाने डच सरकारकडे भरपाई मागितली, डचांनी ती बादुंगच्या राजाकडे मागितली, आणि राजाने साफ नकार दिला. उत्तर बाली डचांनी १८४९ पर्यंत मोडून काढलंच होतं. दक्षिण घ्यायला निमित्त हवं होतं, ते मिळालं.

हे राजे काही संत नव्हते, हेही सांगायला हवं. सतराव्या-अठराव्या शतकांत इथल्या राजांनी आपलीच माणसं गुलाम म्हणून बटाव्हियाच्या बाजारात विकली. १९०३ मध्ये तबानानच्या राजाच्या अंत्यसंस्कारात त्याच्या विधवा सती गेल्या. डचांनी याचा गवगवा केला तो उगाच नाही. पण नंतर जे घडलं ते न्याय या नावाखाली बसत नाही.

१४ सप्टेंबर १९०६ ला डच फौज सानूरला उतरली. २० तारखेला ती देनपसारच्या राजवाड्याशी पोचली. राजवाड्यातून धूर येत होता, ढोल वाजत होते. मग दार उघडलं आणि मिरवणूक बाहेर आली. पालखीत राजा, मागे पुरोहित, सरदार, बायका, मुलं. सगळ्यांच्या अंगावर अंत्यसंस्काराचे पांढरे कपडे, दागिने आणि हातात क्रिस, म्हणजे तिथली नागमोडी कट्यार. फौजेपासून काही पावलांवर राजा खाली उतरला, त्याने पुरोहिताला खूण केली आणि पुरोहिताने त्याच्या छातीत क्रिस खुपसली. मग बाकीच्यांनी स्वतःला आणि एकमेकांना मारायला सुरुवात केली. डचांनी गोळीबार केला. बायकांनी सैनिकांच्या अंगावर दागिने आणि सोन्याची नाणी फेकल्याची नोंद आहे. ‘घ्या, हेच हवंय ना तुम्हाला?’ असा त्याचा सरळ अर्थ. मृतांचा अंदाज साधारण हजाराचा. याला बाली भाषेत ‘पुपुतान’ म्हणतात, शेवटापर्यंत जाणं. १९०८ मध्ये क्लुंगकुंगला हेच पुन्हा झालं आणि बालीचं शेवटचं स्वतंत्र राज्य संपलं.

आपल्याला जोहार, साका माहीत आहेत, त्यामुळे पुपुतान समजायला वेळ लागत नाही. पण पुढे काय झालं ते बघा.

या बातम्या युरोपात पोचल्या तेव्हा डचांची चांगलीच नाचक्की झाली. मग त्यांनी धोरण बदललं. बालीला आता ‘जिवंत संग्रहालय’ म्हणून सांभाळायचं ठरलं. मिशनऱ्यांवर बंधनं आली. इस्लाम आणि राष्ट्रवादी चळवळ शक्यतो बाहेर ठेवायची. १९२० च्या दशकापासून शाळेतल्या पोरांना बाली नाच, बाली भाषा, बाली रीतिरिवाज शिकवायचे. या धोरणाचं डच नावच मुळी ‘बालिसेरिंग’, म्हणजे बालीच्या लोकांना बाली बनवणं! इंग्रजांनी आपल्याकडे जातींच्या याद्या केल्या, तसं इथेही १९१० च्या सुमारास डचांनी जातव्यवस्था सरकारी चौकटीत बसवली आणि वरच्या तीन वर्णांना वेठबिगारीतून सूट दिली. आधी जी उतरंड थोडीफार हलायची ती आता कागदावर पक्की झाली. ‘प्राचीन परंपरा’ या लेबलाखाली बराच नवा माल खपला, तो असा.

त्याच सुमारास डच जहाज कंपनी पर्यटक आणू लागली. विसाच्या दशकाच्या अखेरीस देनपसारमध्ये बाली हॉटेल उभं राहिलं, जिथे पुपुतान झालं त्याच परिसरात. अवघ्या वीस-बावीस वर्षांत कत्तलीची जागा सुट्टीची जागा झाली.

१९२७ साल तर मला फार आवडतं. त्या वर्षी दोन पाहुणे बालीत आले. एक रवींद्रनाथ टागोर, भाषातज्ज्ञ सुनीतिकुमार चॅटर्जींना सोबत घेऊन, समुद्रापार गेलेल्या भारताच्या खुणा शोधत. दुसरा वॉल्टर श्पीस हा जर्मन चित्रकार, जो तिथेच राहिला. उलुवातूच्या कड्यावर संध्याकाळी शंभरेक पुरुष गोल बसून ‘चाक-चाक’ करत रामायण सादर करतात, तो केचक नाच आपण सगळेच मोबाइलवर रेकॉर्ड करतो. अंगात येण्याच्या एका जुन्या विधीतला पुरुषांचा सूर घेऊन त्याला रामायणाची जोड देण्याचं काम १९३० च्या सुमारास श्पीस आणि वायन लिम्बाक या बाली नर्तकाने मिळून केलं. म्हणजे केचक आपल्या बोलपटाच्या वयाचा आहे :-) १९३६ मध्ये श्पीस, रुडॉल्फ बोनेट आणि उबुदच्या राजघराण्यातले सुकावती यांनी ‘पिता महा’ ही चित्रकारांची संस्था काढली. उबुदच्या दुकानांतून आज मिळणाऱ्या चित्रांची वाट तिथून निघते.

मग हे सगळं नकली का? अजिबात नाही. केचक नवा आहे म्हणून खोटा ठरत नाही. आपला सार्वजनिक गणेशोत्सव तरी कुठे हजार वर्षांचा आहे? नवी गोष्ट लोकांनी आपली मानली की ती त्यांचीच. फक्त तिला ‘हजारो वर्षं जशीच्या तशी’ म्हणू नये, इतकंच.

आणि बालीच्या लोकांना आपलं म्हणणं मांडायला खरा झगडा करावा लागला तो स्वातंत्र्यानंतर. स्वातंत्र्यासाठी ते लढलेच होते. २० नोव्हेंबर १९४६ ला गुस्ती न्गुराह राय आणि त्यांचे सगळे साथीदार मार्गा इथे डचांशी लढताना मारले गेले. बालीचा विमानतळ त्यांच्या नावाचा आहे. पण नव्या इंडोनेशियात धर्म कशाला म्हणायचं याची सरकारी व्याख्या होती. एक ईश्वर हवा, धर्मग्रंथ हवा, प्रेषित हवा. बालीचा धर्म त्यात बसेना, म्हणून सरकारदरबारी हे लोक ‘अजून धर्म नसलेले’ ठरू लागले! ज्यांच्या घरोघरी रोज फुलांचे नैवेद्य ठेवले जातात ते निधर्मी. अशा लोकांमध्ये धर्मप्रसार करायला मोकळीक, हा त्यातला पुढचा धोका.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. सिस्टिममध्ये तुमच्यासाठी रकानाच नाही, म्हणजे तुम्ही अस्तित्वातच नाही. मग करायचं काय? बालीच्या विचारवंतांनी फॉर्मचीच भाषा शिकून घेतली. सगळ्या देवांच्या वर ‘सांग ह्यांग विधी’ हा एकच ईश्वर ठळक केला. वेद आणि गीतेकडे बोट दाखवलं. तरुणांना भारतात शिकायला पाठवलं. शांतिनिकेतनात शिकलेले इदा बागुस मंत्र पुढे बालीचे गव्हर्नर झाले. गायत्री मंत्राने सुरू होणारी त्रिसंध्या रूढ झाली. १९५८ मध्ये बालीचे प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंना भेटले (त्यांची आई बालीची, हे विसरू नका) आणि वर्षअखेरीपर्यंत मान्यता मिळाली. १९५९ मध्ये ‘परिषद हिंदू धर्म बाली’ ही संस्था निघाली, आणि १९६४ मध्ये तिने नावातला ‘बाली’ गाळला.

म्हणजे ‘आम्ही हिंदू आहोत’ हे वाक्य तिथे नुसतं वारशाने आलं नाही. आधी कुणी ‘तीर्थाचा धर्म’ म्हणायचं, कुणी शिव-बुद्ध धर्म म्हणायचं, बऱ्याच जणांना नावाची गरजच नव्हती. गरज पडली तेव्हा त्यांनी विचार करून, वाद घालून ते नाव घेतलं. जगातल्या सगळ्यात जास्त मुस्लिम लोकसंख्येच्या देशात दोन टक्क्यांहून कमी असताना घेतलं. मला यात ट्रंकेतल्या पैठणीपेक्षा कितीतरी जास्त हिंमत दिसते.

एक गोष्ट टाळून पुढे जाता येणार नाही. डिसेंबर १९६५ पासून काही महिने बालीत कम्युनिस्ट ठरवलेल्यांची कत्तल झाली. मृतांचा अंदाज ऐंशी हजारांच्या आसपास दिला जातो, म्हणजे साधारण दर वीस माणसांत एक. लष्कराचं पाठबळ होतं, पण मारणारे हात बहुतेक शेजाऱ्यांचेच होते, आणि दोन्हीकडचे लोक हिंदू होते. जमीनवाटपाची जुनी भांडणं त्यात वसूल झाली. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, सानूरला जपानच्या युद्धभरपाईच्या पैशातून दहा मजली बाली बीच हॉटेल उघडलं. ते इतकं उंच वाटलं की पुढे नियम आला, इमारत माडापेक्षा उंच नको. १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय विमानतळ सुरू झाला आणि ‘शांत, हसतमुख लोकांचं बेट’ जगाला विकायला काढलं गेलं. १२ ऑक्टोबर २००२ ला कुटाच्या बॉम्बस्फोटांत २०२ माणसं गेली तेव्हा ‘स्वर्गात हे कसं झालं’ असं सगळे म्हणाले. हसतमुख लोकांनी याआधी काय काय पाहिलं होतं ते कुणाच्या लक्षातच नव्हतं.

तर मंडळी, बालीला जरूर जा. कुटाची लाट, उबुदची भातखाचरं, उलुवातूचा सूर्यास्त, सगळं बघा. पण एक सकाळ देनपसारच्या पुपुतान मैदानासाठी ठेवा. तिथे एका पुतळ्यात पुरुष, बाई आणि मुलं एकत्र उभी आहेत. बाजूलाच बाली म्युझियम आहे, १९३२ मध्ये डचांच्या काळात उघडलेलं. जिंकणाऱ्यांचं संग्रहालय आणि हरलेल्यांचा पुतळा, मध्ये हिरवळ, आणि संध्याकाळी त्या हिरवळीवर खेळणारी पोरं.

‘आपली संस्कृती’ म्हणायला माझी हरकत नाही. शक तेच आहे, रामायण तेच आहे, अगत्यही तसंच आहे. पण त्यांनी ती आपल्यासाठी जपून ठेवलेली नाही. ती त्यांची आहे, आणि तिची किंमत त्यांनी मोजली आहे.