वकिलीच्या दारातील तर्क

वकिली शिकू इच्छिणाऱ्या मुलांस प्रवेशासाठी तर्काचे प्रश्न सोडवावे लागतात. हा दंडक फार जुना नाही. 1945 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील प्रवेशाधिकारी फ्रँक बाउल्स यांनी अशा परीक्षेची सूचना केली. 1947 च्या नोव्हेंबरात हार्वर्ड व येल येथील मंडळीही विचारविनिमयास बसली, आणि फेब्रुवारी 1948 मध्ये 'एलसॅट' ही परीक्षा प्रथम झाली. सर्वांना एकच माप, ही त्यामागची कल्पना.

कायद्याचे पुस्तक कधी न उघडलेल्यालाही हे प्रश्न सुटावेत, अशी त्यांची रचना असते. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलो नाही. पण यातला पहिला धडा आम्हांस एका कारखान्याच्या फाटकावर मिळाला. फळ्यावर सूचना लागली : 'ज्याची हजेरी पूर्ण, त्यालाच बक्षिसी.' आमच्या माणसांनी अंगात ताप घेऊन पाळ्या भरल्या. महिनाअखेर निम्म्यांना छदामही मिळाला नाही. आम्ही तावातावाने साहेबाकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "हजेरीवाचून मिळणार नाही, एवढेच लिहिले आहे. हजेरी भरली की मिळेलच, असे कोठे लिहिले आहे?" एका 'च'ने आम्हांस गारद केले! पुढील करारात तो 'च' आम्ही तेथून उचलून क्रियापदाला लावून घेतला.

परीक्षेतले पुष्कळसे सापळे याच जातीचे. अट आवश्यक आहे की पुरेशी, हे आधी पाहावे. मग निष्कर्ष कोणता, आधार कोणता, आणि दोहोंमध्ये न बोलता काय गृहीत धरले आहे, ते हुडकावे. 'पगार वाढले, मागाहून भाव वाढले. म्हणजे पगारानेच भाव वाढवले', हे तर आम्ही वाटाघाटीत शेकडो वेळा ऐकले आहे.

एकच माप म्हटले खरे; पण 1982 पासून एलसॅटमध्ये कोण कोणाशेजारी बसेल, अशा धाटणीची कोडी होती. ती बहुतेक जण आकृती काढून सोडवीत. अंधाने आकृती कशी काढावी? मिशिगनमधील एका अंध उमेदवाराने 2011 पासून न्यायालयात झुंज दिली. 2019 मध्ये तडजोड झाली आणि ऑगस्ट 2024 पासून ती कोडी गेली.

आपल्याकडे 'क्लॅट' 2008 साली सुरू झाली. 2020 पासून तीतही सुट्या कोड्यांऐवजी उतारे आले, तेही इंग्रजीतच. महाराष्ट्राची स्वतःची सीईटी 2016 पासून आहे. तिचे प्रश्न मराठीतूनही असतात. तेथे आमच्या कामगारांच्या मुलांस तो 'च' निदान ओळखीचा तरी भेटतो.