परीक्षा कानाची, गुण कागदाचे

परभाषेची श्रवण-चाचणी म्हणजे उतारा ऐकवायचा आणि मुलांना तो समजला का ते पाहायचं. पण समजलं हे आपल्याला कळतं कसं? बहुतेक वेळा मुलांना छापील प्रश्न वाचावे लागतात आणि उत्तरं लिहावी लागतात. ज्या मुलाला वाचणंच जड जातं ते इथेच अडतं. ही अडचण कशी निर्माण झाली, ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

१८७७ मध्ये जर्मन वैद्य आडोल्फ कुसमाउल यांनी ‘शब्दांधत्व’ ही कल्पना मांडली. १८८७ मध्ये रुडॉल्फ बर्लिन या नेत्रवैद्यांनी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द वापरला. दोघांसमोर होते ते मेंदूला इजा झाल्यामुळे वाचन गमावलेले प्रौढ रुग्ण. १८९६ मध्ये मात्र इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी एका चौदा वर्षांच्या, चांगल्या हुशार मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. आकडेमोड त्याला जमत होती, पण पर्सी हे स्वतःचं नावसुद्धा तो ‘प्रेसी’ असं लिहून बसे. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या शिक्षकांचं मत होतं. मॉर्गननी त्याला श्रुतलेखनही घातलं. ऐकलेलं त्याला कळत होतं, कागदावर मात्र भलतंच उतरत होतं.

आता परीक्षांकडे वळू. इंग्रजी परभाषा म्हणून शिकणाऱ्यांसाठी केंब्रिज विद्यापीठाने १९१३ मध्ये एक परीक्षा सुरू केली. उमेदवार तीन, परीक्षा सुमारे बारा तासांची, आणि तिघेही नापास! तिच्यात ऐकण्याशी संबंधित भाग होता तो श्रुतलेखनाचा. म्हणजे पर्सीसारख्याची जिथे फजिती झाली, तेच साधन.

१९६१ मध्ये रॉबर्ट लाडो या अमेरिकी भाषातज्ज्ञांनी श्रुतलेखनावर टीका केली. शब्द आणि त्यांचा क्रम परीक्षकच पुरवतो, मग मोजलं काय, असा त्यांचा सवाल होता. वस्तुनिष्ठ प्रश्नांचं युग आलं. १९६४ मध्ये सुरू झालेल्या ‘टोफेल’ परीक्षेत श्रवणाचा स्वतंत्र विभाग होता. प्रश्न ध्वनिफितीवर ऐकायचा, चार पर्याय मात्र पुस्तिकेत वाचायचे. गंमत पाहा : लिहिण्याचं ओझं उतरलं आणि वाचण्याचं चढलं. शिवाय ध्वनिफीत कुणासाठी थांबत नाही. पर्याय वाचून होईपर्यंत पुढचा प्रश्न सुरू झालेला असतो. म्हणून शेवटी जादा वेळ देण्याची नेहमीची सवलत इथे फारशी कामाची नाही. वेळ हवा असतो तो मधल्या थांब्यांत.

१९८९ मध्ये सॅम्युअल मेसिक या अमेरिकी मापनतज्ज्ञांनी या दोषाची नीट मांडणी केली. जे मोजायचं नाही त्यामुळे गुण वरखाली होत असतील, तर त्या गुणांवरून काढलेला निष्कर्ष लटका पडतो. म्हणजे प्रश्न दयेचा नाही, मापनाचा आहे.

महाराष्ट्रात १९९६ मध्ये शासनाने अध्ययन-अक्षम मुलांना सवलती दिल्या : जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, आणि दुसरी भाषा सोडून त्याऐवजी कार्यानुभव घेण्याची मुभा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान मिळालं. या सवलतींनी अनेक मुलांना दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण भाषा सोडण्याच्या मुभेची दुसरी बाजूही पाहायला हवी. रस्त्यावर, खेळताना ऐकून हिंदी समजणारं मूल कागदामुळे ती भाषाच सोडत असेल, तर दुरुस्ती मुलाच्या विषयांत झाली, परीक्षेत नाही.

मग आपण काय करू शकतो? प्रश्न आणि पर्याय दोन्ही मोठ्याने ऐकवावेत. फक्त आकलन तपासायचं असेल तर प्रश्न मुलांच्या भाषेत विचारायलाही हरकत नाही. उतारा टप्प्याटप्प्याने ऐकवून मध्ये थांबावं. उत्तर चित्रावर खूण करून किंवा तोंडी घ्यावं. लिहून घेतलंच तर अर्थाला गुण द्यावेत, स्पेलिंगला नाही. मात्र चार लांबलचक पर्याय नुसते ऐकवले तर ते लक्षात ठेवण्याचं नवं ओझं पडतं. म्हणून पर्याय दोन-तीन आणि छोटे असावेत.

एक गोष्ट मात्र करू नये : उतारा सोपा करू नये. डिस्लेक्सिया असलेल्या काही मुलांना ध्वनी वेगळे ओळखणं, ऐकलेलं क्षणभर धरून ठेवणंही अवघड जातं. त्यांचे गुण या बदलांनंतरही कमी राहतील. पण ते खरे गुण असतील, आणि पुढे काय शिकवायचं ते सांगतील.

पुढच्या घटक चाचणीत हे करून पाहा. सारख्याच काठिण्याचे दोन उतारे घ्या. एकाचे प्रश्न छापील द्या, दुसऱ्याचे ऐकवा, आणि दोन्ही गुण शेजारी-शेजारी मांडा. ज्या मुलांच्या गुणांत मोठा फरक पडेल, त्यांच्याबाबत ‘ऐकून समजत नाही’ हा आपला जुना शेरा पुन्हा तपासावा लागेल.