कल्याणचा बिशप: एका वाक्यावर किती इतिहास उभा राहतो?

उत्तर आफ्रिकेतल्या जुन्या रोमन शहरांवर वाचायला घेतलंत की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. इ.स. 411 मध्ये कार्थेजला बिशपांची मोठी सभा भरली होती आणि कोण कुठल्या गावचा, हे तिच्या कामकाजात नोंदवलेलं आहे. त्यातल्या कित्येक गावांबद्दल आपल्याला माहीत आहे ते एवढंच: एक गाव, एक बिशप. चर्च कुठे होतं, माणसं किती होती, काही नाही.

आपल्याकडे असं काही नाही, असं वाटत असेल तर कल्याण घ्या. हो, लोकलवालं कल्याणच.

साधारण इ.स. 550 च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या कॉस्मस नावाच्या माणसाने ग्रीक भाषेत 'ख्रिस्ती भूवर्णन' लिहिलं. आधी व्यापारी, मग संन्यासी. पृथ्वी गोल नाही हे पटवायला त्याने हा सगळा खटाटोप केला, त्यामुळे पुस्तकाला हसणारे पुष्कळ. पण बंदरांचा विषय निघाला की त्याचं ऐकावं. तिसऱ्या भागात तो म्हणतो की श्रीलंकेत ख्रिस्ती मंडळी आहे, मिरी पिकते त्या माले प्रदेशात आहे, आणि कल्लियाना इथे तर बिशप आहे, ज्याची नेमणूक पर्शियातून होते.

झालं. कल्याणच्या बिशपाचा मुख्य पुरावा एवढाच.

आता खरी अडचण बघा. कल्लियाना म्हणजे कल्याणच कशावरून? इथे नाव मालेच्या, म्हणजे मलबारच्या लगेच नंतर येतं, म्हणून काही अभ्यासक ते केरळातलं कोल्लम मानतात. पण तोच कॉस्मस अकराव्या भागात बंदरांची यादी देतो: सिंधू, ओर्होथा, कल्लियाना, सिबोर आणि त्यानंतर मालेची पाच बंदरं. त्या पाचांत मंगळूरसारखं नावही आहे. म्हणजे यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरकते आणि कल्लियाना मालेच्या बाहेर, वर राहतं. मला हा युक्तिवाद जड वाटतो. एकच उतारा वाचून मत बनवलं असतं तर हे हाताला लागलंच नसतं.

मग आपण जोरात येतो. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्लिएना आहेच. तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला पाठवली जातात, असंही त्यात आहे. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे दाते भेटतात. सगळं खरं, पण यातून सिद्ध काय होतं? बंदर. बिशप नाही! बरेच प्रबंध नेमके इथेच घसरतात: एका गोष्टीचा पुरावा शेजारच्या गोष्टीला चिकटवतात.

'पर्शियातून नेमणूक' या भागाला मात्र वेगळा आधार आहे. सातव्या शतकात पूर्वेकडच्या चर्चचा प्रमुख तिसरा इशोयाब याने फार्स प्रांताच्या धर्मप्रमुखाला खरमरीत पत्र लिहिलं. तुमच्या वागण्याने भारतातल्या बिशपांच्या नेमणुका अडल्या, ही त्याची तक्रार. म्हणजे भारताची वाट फार्समधून जात होती, हे दुसऱ्या साक्षीदाराकडून कळतं. कल्याणचं नाव तरीही पक्कं होत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आमच्या बुलढाण्यातलं. रोहिणखेडला 1437 आणि 1590 अशा दोन लढाया झाल्या. ते सगळं दरबारी इतिहासकारांकडून कळतं, पण गावात खुदावंदखान महदवीने 1582 मध्ये बांधलेली मशीदही आहे. कागद एक सांगतो, दगड त्याला दुजोरा देतो किंवा टोकतो. महदवी पंथाचा सरदार इथे होता, हे आपल्याला नुसतं ऐकून मानावं लागत नाही. केरळात पहलवी अक्षरं कोरलेले क्रूस आहेत, तिथेही दगड बोलतो. कल्याणसाठी मात्र आपण कॉस्मसच्या शब्दावर आहोत.

तर प्रबंधात हे वाक्य कसं लिहायचं? 'सहाव्या शतकात कल्याणला बिशप होता' असं लिहाल तर मार्गदर्शक लाल रेघ ओढतील, आणि ओढायलाच हवी. 'कल्लियाना इथे पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं कॉस्मस सांगतो. त्याच्याच बंदरांच्या यादीचा क्रम पाहता हे कल्याण असण्याची शक्यता जास्त' असं लिहा. लांबलचक होतं, चालेल.