हेड बदलायचं की इंजिन?

फोर्डने १९३२ साली साध्या माणसाच्या आवाक्यातल्या गाडीत व्ही-८ इंजिन घातलं: २२१ घन इंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती. कॅलिफोर्नियातल्या पोरांना त्याचा वेगळाच उपयोग सुचला. जुन्या ‘मॉडेल ए’चं ४० अश्वशक्तीचं चार सिलिंडरी इंजिन उतरवायचं आणि भंगारात आलेल्या फोर्डचं व्ही-८ त्या हलक्या गाडीत चढवायचं.

मग हेच इंजिन घरचं झालं आणि पुढे कितीतरी वर्षं पोरं त्याचंच काम काढत राहिली. सिलिंडर बोअर करायचे, कॅम बदलायची, एका कार्ब्युरेटरच्या जागी दोन लावायचे. व्हिक एडलब्रॉक यांनी तीसच्या दशकाच्या अखेरीस दोन कार्ब्युरेटरांचा ‘स्लिंगशॉट’ मॅनिफोल्ड बनवला आणि कोरड्या तलावांच्या सपाटीवर आपली १९३२ची रोडस्टर पळवली. त्यांच्या नावाचा मोठा उद्योग याच नादातून उभा राहिला.

पण या इंजिनाचं खरं दुखणं वरून बसवायच्या कुठल्याच भागात नव्हतं, ते ब्लॉकच्या ओतकामातच होतं. व्हॉल्व्ह हेडमध्ये नव्हते, सिलिंडरांच्या शेजारी ब्लॉकमध्ये होते. जळालेला वायू ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडे आणि जाता जाता पाणी तापवी. प्रत्येक बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना तर बाहेर पडायची वाट एकच. कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासलं, की व्हॉल्व्हवरची जागा आटायची आणि हवाच अडायची.

यावरचा सर्वांत धाडसी उपाय १९४७च्या सुमारास आला. झोरा आर्कस-डंटॉव्ह आणि त्यांचे भाऊ युरा यांनी फोर्डच्या त्याच ब्लॉकवर बसणारी अ‍ॅल्युमिनियमची ‘आर्डन’ हेडं केली आणि व्हॉल्व्ह वर नेले. मला हे काम फार मोलाचं वाटतं. जुन्या ब्लॉकची हद्द ओलांडण्याचा इतका प्रामाणिक प्रयत्न क्वचितच दिसतो. पण हेडं महाग होती, आणि खालचा ब्लॉक जुनाच राहिला. १९४९ साली कॅडिलॅकने कारखान्यातच वर व्हॉल्व्ह असलेलं १६० अश्वशक्तीचं व्ही-८ दिलं, तेव्हा मोठा खर्च करून मिळवायची ताकद तयार मिळू लागली.

झोरा १९५३ साली शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्समध्ये गेले. त्याच डिसेंबरात त्यांनी वरिष्ठांना एक टिपण दिलं: हॉट रॉडवाली, म्हणजे जुन्या गाड्या अशा वेगवान करणारी तरुण पिढी फोर्डमध्येच रमली आहे, तिला शेवरोलेकडे वळवायचं तर सुटे भाग आपणच पुरवले पाहिजेत. शेवरोलेचे अभियंते एड कोल यांच्या हाताखाली तयार झालेलं २६५ घन इंचांचं शेवरोले व्ही-८ १९५५च्या गाड्यांत आलं. १६२ अश्वशक्ती, आणि वजन शेवरोलेच्याच सहा सिलिंडरी इंजिनापेक्षा कमी! जुनं फोर्ड इंजिन मागे पडलं. यात भंगारबाजाराचाही वाटा मोठा होता: शेवरोलेची इंजिनं लाखोंनी बनली, म्हणून स्वस्तात मिळू लागली, आणि भाग बनवणारेही तिकडे वळले.

१९९७च्या शेवरोले कॉर्व्हेटमध्ये अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकचं ३४५ अश्वशक्तीचं एलएस१ इंजिन आलं आणि मागे पडायची हीच पाळी शेवरोलेच्या त्या जुन्या इंजिनावर आली. पण आताचा हिशेब वेगळा आहे. ते जुनं इंजिन फोर्डसारखं ओतकामात अडलेलं नाही. चांगली हेडं आणि कॅम घातली की ते अजूनही जोमाने खुलतं. एलएस बसवायचं तर कॉम्प्युटर, वायरिंग, जास्त दाबाचा पेट्रोल पंप आणि इंजिनाचे माउंट हे सगळं ओघाने येतं. म्हणून इंजिनाचा श्वास नेमका कुठे अडतो ते आधी पाहावं, आणि तो हेडशीच अडत असेल तर ब्लॉकला हात लावू नये, असं माझं मत आहे. इंजिन बदलायचंच ठरलं तर कॅलिफोर्नियात गाडीचं सालही पाहावं लागतं. १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना ठरावीक मुदतीची धूर-तपासणी नाही. त्यानंतरच्या गाडीत बसवायचं इंजिन गाडीच्या सालाइतकं किंवा त्याहून नवं हवं, आणि त्याची प्रदूषण-नियंत्रणाची सगळी यंत्रणाही सोबत बसवावी लागते.